वाघीण, बंद वाघीण आणि ‘बॉक्सकार’: कोणता शब्द कुठे वापरायचा?

केतकी_र
एका अमेरिकी मजकुराच्या अनुवादात ‘बॉक्सकार’ हा शब्द तीन ठिकाणी आला आहे. एकदा मालगाडीच्या संदर्भात, एकदा फाशांच्या खेळात आणि एकदा मोजयंत्राच्या माहितीपत्रकात ‘बॉक्सकार सरासरी’ म्हणून. मालगाडीसाठी डबा, मालडबा, वॅगन आणि वाघीण असे चार पर्याय डोळ्यांपुढे आहेत. ‘वाघीण’ आजच्या वाचकाला कळेल का? आणि आपल्या रेल्वेवर ज्यांना ‘बॉक्सएन’ म्हणतात, त्याच बॉक्सकार का? जाणकारांनी कृपया नेमके सांगावे.

अक्षरओळ
‘वाघीण’ बिनधास्त वापरा. वर्तमानपत्रांत ‘कोळशाच्या वाघिणी घसरल्या’, ‘खताच्या वाघिणी दाखल’ हे अजूनही सर्रास छापून येते. मूळ शब्द वॅगन. प्लॅटफॉर्मचा फलाट झाला, कंपनीची कुंपणी झाली, तशीच मराठी जिभेवर वॅगनची वाघीण झाली. जंगलातल्या वाघिणीशी तिचे नाते फक्त उच्चाराचे. पण एकदा त्या घाटात शब्द बसला की व्याकरणही तिचेच लागते: वाघीण, वाघिणी, वाघिणीत, वाघिणींना. सामान्यरूपात ‘घी’ ऱ्हस्व होतो, म्हणून ‘वाघीणीत’ लिहू नका.

‘डबा’ मुख्यतः प्रवासी गाडीचा. मालगाडीलाही लोक डबा म्हणतात आणि ते चूक नाही, पण माल भरण्याचा, वजनाचा, भाड्याचा विषय असेल तर वाघीणच चपखल बसते. छप्पर असलेली ती बंद वाघीण, नसलेली ती उघडी वाघीण. ‘बॉक्सकार’ म्हणजे बंद वाघीण.

यार्डमास्तर
आता दुसरा प्रश्न, कारण तिथे हमखास घोळ होतो. बॉक्सएन ही बॉक्सकार नाही. अगदी उलट आहे. बॉक्सएनला छप्परच नसते. कोळसा आणि लोहखनिज वाहणारी उंच कडांची ती उघडी वाघीण.

भारतीय रेल्वेची नावे एकेक अक्षर सुटे करून वाचायची असतात. बॉक्सएनमध्ये ‘बी’ म्हणजे बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या फिरत्या सांगाड्यावर, चालणारी, ‘ओ’ म्हणजे उघडी, ‘एक्स’ उंच कडांसाठी आणि ‘एन’ म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक. अक्षरे जोडून वाचली की इंग्रजीतला पेटीचा शब्द तयार होतो आणि माणूस फसतो. बंद वाघिणीचे नाव बीसीएन. इथले ‘सी’ म्हणजे झाकलेली. पुढे बीसीएनए आली आणि आता बहुतेक ठिकाणी दिसते ती बीसीएनएचएल. शेवटच्या ‘एचएल’मध्ये जादा धुराभार (चाकांच्या एका जोडीच्या धुऱ्यावर पडणारे वजन) आणि हलका सांगाडा या दोन्ही गोष्टी आल्या.

दोघींत फरक किती पडला ते आकड्यांत बघा. बीसीएनए जोडणीपासून जोडणीपर्यंत 14.45 मीटर लांब, रिकामे वजन 24.55 टन, भरून एकूण 81.28 टन. म्हणजे मूळ मापाने माल 56.73 टन. बीसीएनएचएल फक्त 10.963 मीटर लांब, रिकामी 20.8 टन आणि भरून 91.6 टन, म्हणजे माल 70.8 टन. चार धुऱ्यांनी भागलेत की पहिलीचा धुराभार 20.32 टन येतो, दुसरीचा 22.9 टन. आखूड आणि हलकी असूनही ती 14 टन जास्त उचलते.

आखूड असण्याचा खरा फायदा रेकमध्ये, म्हणजे वाघिणी जोडून झालेल्या अख्ख्या मालगाडीत, दिसतो. स्टेशनातल्या लूप लाइनची, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुळाची, उपयोगी लांबी साधारण 686 मीटर धरतात, आणि इंजिन व ब्रेकव्हॅनसकट गाडी त्यात मावली पाहिजे. बीसीएनए 42 लावल्या तर 607 मीटर आणि माल सुमारे 2,380 टन. बीसीएनएचएल 58 लावल्या तर 636 मीटर आणि माल 4,100 टनांच्या आसपास. गाडी जेमतेम 30 मीटरने लांबली, माल मात्र पावणेदोन पट झाला.

केतकी_र
हे लक्षातच आले नव्हते. मग इंग्रजी मजकुरात ‘कव्हर्ड वॅगन’ दिसले तर सरळ बंद वाघीण लिहायचे ना?

अक्षरओळ
मजकूर कुठला आहे ते आधी पाहा. भारतीय रेल्वेच्या कागदात ‘कव्हर्ड वॅगन’ म्हणजे बंद वाघीण. अमेरिकी मजकुरात तेच शब्द आले तर ती कमानी छताची, कापडाने झाकलेली, जनावरांनी ओढायची गाडी, 19व्या शतकात पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतवाल्यांची. तिथे वाघीण लिहिलीत तर पानाचे पान चुकेल. ब्रिटिश मजकुरात झाकलेल्याला ‘व्हॅन’ म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे ‘गुड्स व्हॅन’ आली की तीही बंद वाघीणच. अमेरिकेत मात्र ‘व्हॅन’ रस्त्यावरची.

बॉक्सकारला वाचणाऱ्याच्या मनात वेगळे वजन आहे, तेही धरा. जुनी 40 फुटी बॉक्सकार म्हणजे मधोमध सरकते दार आणि छतावर चालायची फळी. पूर्वी ब्रेकवाला त्या फळीवरून या वाघिणीवरून त्या वाघिणीवर जात एकेक हातब्रेक आवळायचा. 1966 पासून नव्या बॉक्सकारवर ही फळी लावणे बंद झाले. गहूसुद्धा मोकळाच बॉक्सकारमध्ये जायचा. दाराच्या आतून लाकडी फळ्या ठोकायच्या, वरून धान्य ओतायचे आणि पोहोचल्यावर फळ्या फोडून काढायच्या. पुढे खालून रिकाम्या होणाऱ्या झाकणाच्या हॉपर वाघिणींनी ते काम घेतले. ‘ग्रेन डोअर’ शब्द आला तर ‘धान्याचे दार’ लिहून वाचकाला काही कळणार नाही. ‘दारात आतून ठोकलेल्या फळ्या’ असे उलगडून लिहा.

एका ठिकाणी मात्र ‘वाघीण’ टाळावी असे माझे ठाम मत आहे. नोव्हेंबर 1921 मध्ये मलबारमधल्या कैद्यांना तिरूरहून एका बंद डब्यात कोंबून नेले. पोदनूरला दार उघडले तेव्हा कित्येक जण गुदमरून मेले होते, आणि मृतांचा आकडा पुढे 70च्या घरात गेला. त्या घटनेला ‘वॅगन ट्रॅजेडी’ म्हणतात. अशा मजकुरात ‘मालगाडीचा बंद डबा’ लिहावे. आत माणसे होती. वाचकाचे लक्ष क्षणभरही शब्दाच्या नादाकडे जाऊ नये.

मालधक्का
शब्दांबरोबर वापरही विचारला आहे म्हणून भरण्याबद्दल लिहितो. बंद वाघिणीत काय जाते? जे भिजून चालत नाही ते: सिमेंट, खत, साखर, पोत्यातले धान्य. चंद्रपूर पट्ट्यातले सिमेंट, थळचा युरिया, मनमाडच्या अन्न महामंडळाच्या गोदामातले धान्य, हा आपल्याकडचा नेहमीचा माल.

सिमेंटचे गणित सोपे आहे. 50 किलोची पोती, टनाला 20. बीसीएनएचएलच्या 70.8 टनांत 1,416 पोती बसतात. पण पोत्याचे वजन थोडे पुढेमागे होते, म्हणून मोजणीत थोडी जागा राखून भरायचे. वजनकाट्यावर जादा निघाले तर दंडात्मक भाडे लागते, आणि रेक वाटेत अडकवून जादा पोती उतरवावी लागली तर खर्च त्याहून मोठा. सिमेंट जड असल्याने वजन आधी पुरे होते आणि वरची बरीच जागा रिकामी राहते. ही जागा पाहून आणखी दोन थर टाकायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

भरण्याचा क्रम असा. रेक लागला की आधी आत शिरून झाडून घ्यायचे. मागच्या फेरीचे खत तळाला सांडलेले असेल तर ते हवेतले पाणी ओढते आणि खालचा थर ओला होतो. वर आलेला खिळा, फाटलेल्या पत्र्याची धार, तुटलेला कोयंडा यांवर खडूने खूण करायची. मग पलीकडची दारे बंद करून पिना घालायच्या, कारण थप्प्या लागल्यावर ती आतून नीट बसली की नाही हे बघायला वाट राहत नाही.

थप्पी दोन्ही टोकांकडून सुरू करायची, म्हणजे बोगींवर, आणि मध्याकडे यायचे. दोन्ही टोकांना थर सारखे. डाव्या-उजव्या बाजूलाही सारखे, आणि हे जास्त महत्त्वाचे. हमाल दारातून आत येतात, त्यामुळे जवळची बाजू आपोआप जड होत जाते. एका बाजूच्या स्प्रिंगा दबल्या की दुसऱ्या बाजूचे चाक हलके पडते, आणि वळणावर हलके चाक रुळावर चढू शकते. गाडी घसरण्याचे हे एक खरे कारण आहे आणि ते मालधक्क्यावरच तयार होते.

दाराला पोती चिकटवायची नाहीत. हात-दीड हात जागा सोडायची. बीसीएन आणि बीसीएनएच्या दाराची खालची झडप बाहेर खाली पडते आणि वरचे पल्ले बाजूला उघडतात. पोती त्यांवर रेलली तर धक्क्याने कोयंड्यावर भार येतो, पिन वाकते आणि चालत्या गाडीत झडप उघडून लोंबते. मग ती फलाटाच्या कडेला, शेजारच्या गाडीला, रुळालगत काम करणाऱ्या माणसाला लागू शकते. शिवाय दाराच्या फटीतून येणारे पावसाचे पाणी पहिल्यांदा याच पोत्यांना मिळते.

शेवटी दारे बंद, पिना, तार, सील. सीलचा क्रमांक वाघिणीच्या क्रमांकासमोर लिहून ठेवायचा. भरताना रेल्वेचा माणूस मोजणीला उभा नसेल तर रेल्वे पावतीवर ‘माल असल्याचे सांगितले’ या अर्थाचा शेरा येतो. पुढे उतरवताना पोती कमी निघाली तर हा शेरा दाव्यात आडवा येतो, म्हणून तो वाचूनच पावती घ्या.

शेतमाल_वाहतूक
कांदा आणि केळ्यांबद्दल थोडे. लासलगाव-निफाड पट्ट्यातला कांदा बंद वाघिणींतून जातो, पण तो जिवंत माल आहे, श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा सोडतो. सिमेंटला जे बंद छप्पर वरदान तेच कांद्याला जाच. रेक वाटेत जितका जास्त थांबेल तितकी मधली पोती आधी गरम होतात आणि कोंब किंवा कुज तिथूनच सुरू होते.

7 ऑगस्ट 2020 ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल निघाली ती वाघिणींची नव्हती, पार्सल व्हॅनची होती. पार्सल व्हॅन प्रवासी डब्यांच्या कुळातली. वेगाने धावते, पण माल सुमारे 23 टनच घेते. अनुवादात तिला वाघीण म्हणू नका.

केतकी_र
मालधक्का, पाणी गळते की नाही हे आधी कसे ओळखतात? माझ्या मजकुरात ‘प्रकाश परीक्षा’ असा शब्द आहे.

यार्डमास्तर
तीच सर्वांत सोपी परीक्षा. भर उन्हात एका माणसाने आत जायचे, दुसऱ्याने सगळी दारे लावायची. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबायचे. मग छताकडे बघायचे. जिथे छिद्र आहे तिथे चांदणीसारखा ठिपका चमकतो आणि त्यातून उतरणाऱ्या किरणात धूळ तरंगताना दिसते. छताचे पत्रे जिथे जोडले आहेत ती रेघ, छत आणि बाजू मिळतात तो कोपरा आणि दाराची वरची कड, या तीन जागा नीट बघायच्या. तळाला बाजूचा पत्रा मिळतो तिथेही उजेड दिसतो, कारण खताचे आणि मिठाचे पाणी तिथेच साचून पत्रा खाते. देखभालीच्या डेपोत वरून पाणी मारूनही परीक्षा घेतात. बीसीएनला साधारण 2 वर्षांनी डेपोतली दुरुस्ती आणि 6 वर्षांनी कारखान्यातली मोठी दुरुस्ती असते.

छिद्र सापडले तर खरा उपाय पट्टी वेल्ड करण्याचा, आणि तो डेपोतच होतो. मालधक्क्यावर फक्त वरच्या थरावर प्लास्टिक अंथरता येते, किंवा ती वाघीण नाकारून सिमेंटऐवजी दुसऱ्या मालाला देता येते.

मालधक्का
यात एक भर. वरची पोती ओली निघाली म्हणजे छत गळतेच असे नाही. दिवसा माल तापतो, त्यातला ओलावा हवेत येतो, रात्री छताचा पत्रा थंड पडतो आणि आतून त्याला घाम सुटतो. तो थेंबथेंब खाली पडतो. ओळखायचे असे: गळतीचे पाणी एका जागी किंवा एका रेघेत पडते आणि पोत्यावर गंजाचा तांबूस ओघळ दिसतो. घामाने सगळा वरचा थर सारखाच दमट होतो, ओघळ नसतो. दाव्याच्या वेळी वाघीण रिकामी करण्याआधी वरच्या थराचा आणि त्याच्या बरोबर वरच्या छताचा असे दोन्ही फोटो घ्या. नुसत्या ओल्या पोत्याच्या फोटोवरून कारण ठरत नाही.

यार्डमास्तर
भरून झाल्यावर विसरली जाणारी आणखी एक गोष्ट. जुन्या बीसीएनला ‘खाली’ (म्हणजे रिकामी) आणि ‘भरलेली’ असा ब्रेकचा हाताने बदलायचा दांडा असतो. रिकामी वाघीण ‘भरलेली’वर राहिली तर ब्रेक गरजेपेक्षा जोरात बसतो, चाक फिरायचे थांबून घसटते आणि त्यावर सपाट डाग पडतो. नंतर तीच वाघीण धावताना ठक-ठक-ठक करत जाते आणि प्रत्येक ठोक रुळाला बसतो. उलट चूक जास्त वाईट: भरलेली वाघीण ‘खाली’वर राहिली तर उतारावर ब्रेक अपुरा पडतो. नव्या वाघिणींत वजन ओळखून हे आपोआप बदलते. हातब्रेकचे चाक मात्र सगळीकडे बघायचेच. ते आवळलेले राहिले तर चाके तापतात.

गोंगाट_आणि_सिग्नल
केतकी, तुमच्या तिसऱ्या वाक्यासाठी. ‘बॉक्सकार फंक्शन’ म्हणजे असा आलेख जो शून्यावर सपाट चालतो, एका ठिकाणी सरळ उभा चढतो, तितकाच सपाट राहतो आणि सरळ खाली येतो. बाजूने पाहिलेल्या बंद वाघिणीसारखा, म्हणून ते नाव. ‘बॉक्सकार सरासरी’ म्हणजे शेवटच्या काही नोंदींची, सगळ्यांना सारखे वजन देऊन काढलेली चल सरासरी. मराठीत ‘समभार चल सरासरी’ लिहा आणि पहिल्यांदा येते तिथे ‘बॉक्सकार’ द्या.

उपयोग नेमका कुठे? समजा सेकंदाला 1,000 नोंदी घेता आणि घरच्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण त्यात मिसळते. तिचा एक फेरा 20 मिलिसेकंदांचा, म्हणजे 20 नोंदींचा. बरोबर 20 नोंदींची सरासरी घेतली की गुणगुणीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना पुसतो आणि ती पूर्ण जाते. 100, 150, 200 हर्ट्झही जातात. 18 किंवा 23 नोंदी घेतल्यात तर थोडी शिल्लक राहते. नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर बाकीचा गोंगाट संख्येच्या वर्गमुळाने घटतो, 20 नोंदींना सुमारे साडेचार पट.

दोष दोन. तीक्ष्ण शिखर रुंद आणि बुटके होते. आणि नकोशा वारंवारता नीट अडत नाहीत: वारंवारतेच्या आलेखात पहिली बाजूची उसळी मधल्या मुख्य भागापेक्षा जेमतेम 13 डेसिबल खाली असते. माहितीपत्रकात ‘बॉक्सकार ॲव्हरेजर’ हे यंत्राचे नाव असेल तर गोष्ट थोडी वेगळी. ते प्रत्येक स्पंदनानंतर ठरावीक क्षणी दार उघडावे तसे थोडा वेळ सिग्नल आत घेते आणि अनेक स्पंदनांची सरासरी काढते. तिथे चल सरासरी लिहू नका.

फाशांचे सोपे आहे. दोन फाशांवर सहा-सहा पडले की ‘बॉक्सकार्स’. ठिपक्यांच्या दोन-दोन रांगांचे ते दोन चौकोन शेजारी दोन वाघिणी उभ्या असल्यासारखे दिसतात. शक्यता 36 त 1. मराठीत ‘दोन छक्के’ पुरते.

उडते_यंत्र
चौथा अर्थही कुठे आला तर हाताशी असू द्या. फेअरचाइल्ड सी-119 या मालवाहू विमानाचे नाव ‘फ्लाइंग बॉक्सकार’. भारतीय हवाई दलात ते 1950च्या दशकात आले आणि इथे त्याला ‘पॅकेट’ म्हणत. हिमालयातल्या उंच धावपट्ट्यांसाठी त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवले होते. भारतीय संदर्भात ‘पॅकेट विमान’च लिहा, ‘उडती वाघीण’ नको.

केतकी_र
सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका उरली. मजकुराबरोबर भारतीय बंद वाघिणीचे एक चित्र जाणार आहे, खाली क्रमांक द्यायचा आहे. तो मी 31011234565 असा वाचला. यातून काय कळते?

यार्डमास्तर
आधी हे कळते की एखादा अंक चुकीचा वाचला गेला आहे. 11 अंकांची रचना अशी: पहिले दोन प्रकार, आणि 30 ते 39 म्हणजे बंद वाघिणी, तेव्हा 31 ठीक. पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, म्हणजे 2012. मग चार अंकी अनुक्रमांक 3456, आणि शेवटचा पडताळणीचा अंक.

पडताळणी अशी करायची. पहिल्या दहा अंकांतले सम जागांवरचे घ्या: 1, 1, 2, 4, 6. बेरीज 14, तिची तिप्पट 42. विषम जागांवरचे: 3, 0, 1, 3, 5. बेरीज 12. एकूण 54. पुढची दहाची पट 60, म्हणून शेवटचा अंक 6 हवा. तुम्ही 5 वाचला आहे.

पण लगेच 6 करून मोकळ्या होऊ नका, चूक मधल्या अंकातही असू शकते. साच्यातून रंगवलेल्या अंकांत 3 आणि 8, 5 आणि 6 हे धुळीत सारखे दिसतात. हाच क्रमांक वाघिणीच्या दुसऱ्या बाजूलाही लिहिलेला असतो. तिकडचा फोटो मिळाला तर तो ताडून पाहा, आणि नाहीच मिळाला तर चित्राखाली क्रमांक न देता ‘बीसीएनएचएल प्रकारची बंद वाघीण’ एवढेच द्या. तेही लांबी बघून. आखूड आहे ना?